ताटातले अंगी लागण्यासाठी

कापूस, सोयाबीन आणि तूर ही यवतमाळ जिल्ह्याची पिके. बांधाला तीळ, अंबाडी, परसात शेवगा, झरी-जामणी आणि केळापूरकडच्या रानात मोह. जवस तर वऱ्हाडी चटणीचा जीव. शरीराला लागणारे बहुतेक सगळे इथल्या मातीत येते. तरीही सकाळी मुलांच्या हातात चहा आणि बिस्किटाचा पुडा असतो, दुपारी पांढरा भात आणि पातळ वरण, संध्याकाळी पुन्हा पुड्यातलेच काहीतरी. दारी पिकते ते बाजारात जाते आणि बाजारातले घरी येते.

याचा परिणाम रक्ताच्या तपासणीत दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये हे प्रमाण ६८.९ टक्के होते. आधीच्या फेरीपेक्षा दोन्ही आकडे वाढलेले. रक्तक्षयाची कारणे अनेक असतात. जंत, वारंवार होणारे आजार, लागोपाठची बाळंतपणे, आनुवंशिक विकार. पण रोजचे ताट हे त्यातले मोठे कारण आहे आणि ते आपल्या हातातले आहे.

यावर ‘ज्वारी खा, कडधान्ये खा, पालेभाज्या खा’ असा सल्ला सगळेच देतात. तो बरोबर आहे, पण अर्धा आहे. कोंडा न काढलेले धान्य, कडधान्य किंवा तेलबी आणली म्हणजे त्यातले सगळे अंगी लागतेच असे नाही. ते कसे भिजवले, कसे भाजले, कशाशी जोडून खाल्ले यावर बरेच ठरते. आपल्या आजीच्या स्वयंपाकात या गोष्टी रोजच्या होत्या. त्यामागचे शास्त्र समजले तर त्या परत आणणे सोपे जाईल.

ज्वारी कुठे गेली?

ज्वारीच्या संकरित वाणाशी या जिल्ह्याचे वेगळे नाते आहे. देशातले ज्वारीचे पहिले संकरित वाण, सीएसएच-१, १९६४ मध्ये आले. त्या वेळी राज्याचे मुख्यमंत्री होते पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक. अन्नधान्याच्या टंचाईच्या त्या काळात संकरित ज्वारी गावोगाव पोचली आणि ‘हायब्रीड’ हा शब्द शेतकऱ्याच्या बोलण्यात कायमचा बसला. नाईकांचा जन्मदिवस, १ जुलै, आपण आजही कृषी दिन म्हणून पाळतो.

पुढे सोयाबीन आले, कापसाचे क्षेत्र वाढले, रानडुकरे आणि पाखरांपासून ज्वारी राखणे अवघड झाले, आणि रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला. ज्वारी शेतातून कमी झाली तशी ताटातूनही गेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू आणि ४ मिलिग्रॅम लोह असते. तेवढ्याच पॉलिश केलेल्या तांदळात तंतू ३ ग्रॅमहून कमी आणि लोह १ मिलिग्रॅमही नसते. म्हणून रोज दोन वेळा नाही जमले तरी एका वेळची भाकर परत आणण्यासारखी आहे.

धान्याच्या सालीतली अडचण

धान्य आणि कडधान्य हे मुळात बी आहे. पुढच्या रोपासाठी बी आपला साठा जपून ठेवते. त्यासाठी त्यात फायटेट नावाचा घटक असतो. तो लोह आणि जस्त धरून ठेवतो, त्यामुळे पोटात गेलेले लोहही पूर्ण शोषले जात नाही. वनस्पतींमधले लोह मांसाहारातल्या लोहापेक्षा तसेही कमी शोषले जाते.

हे फायटेट कमी करण्याचे मार्ग घरचेच आहेत. हरभरा, मूग, मटकी रात्रभर भिजवून मोड आणले की फायटेट कमी होते. शिवाय कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व मोडात तयार होते आणि ते लोह शोषायला मदत करते. पीठ आंबवले तरी हाच फायदा मिळतो. उन्हाळ्यातली आंबील ही त्यातलीच. रात्री दोन चमचे ज्वारीचे पीठ वाटीभर पाण्यात कालवून झाकून ठेवावे, सकाळी आणखी पाणी, मीठ, ठेचलेला लसूण आणि जिरे घालून चांगली उकळी आणावी. मग ती नुसती प्यावी किंवा आवडीप्रमाणे ताक घालून.

एक सावधगिरी मात्र हवी. मोड कडधान्यांना आणावेत, ज्वारीला नाही. कोवळी ज्वारी खाऊन जनावरांना विषबाधा होते हे शेतकऱ्यांना माहीत आहे. ज्वारीच्या कोंबातही तेच विष तयार करणारा घटक असतो. म्हणून ज्वारी दळून, भाजून, शिजवून किंवा आंबवूनच खावी. ज्वारीचे कच्चे मोड कोशिंबिरीत घालू नयेत.

भाकर, डाळ आणि अंबाडी

ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो. तो तुरीच्या डाळीत भरपूर असतो. डाळीत जे कमी असते ते ज्वारी भरून काढते. म्हणजे भाकर आणि वरण एकत्र खाल्ले की दोन्हींची किंमत वाढते. ‘भाकरीसोबत चटणी पुरे’ म्हणून डाळ टाळली तर हा मेळ बसत नाही.

यात अंबाडी आली की ताट पूर्ण होते. अंबाडीच्या आंबट पानांतली सेंद्रिय आम्ले लोहाचे शोषण सुधारतात. वऱ्हाडात अंबाडीच्या भाजीत तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालतात, ही जोडी पोषणाच्या दृष्टीने अचूक आहे. चार माणसांसाठी अर्धी वाटी डाळ आणि पाव वाटी कण्या तासभर भिजवून मऊ शिजवाव्यात. पाव किलो अंबाडीची पाने निवडून, धुऊन, चिरून त्यात शिजवावीत. वरून थोड्या तेलात लसूण, हिरवी मिरची आणि शेंगदाण्याची फोडणी द्यावी. आंबटपणा जास्त वाटतो म्हणून अनेक घरांत पाने उकडून पाणी फेकतात. त्यात काही जीवनसत्त्वेही जातात. त्याऐवजी निम्मी अंबाडी आणि निम्मा शेवग्याचा पाला घेतला तर चव सौम्य होते.

ही भाजी लोखंडी कढईत केली तर आंबटपणामुळे थोडे लोह भाजीत उतरते. मात्र शिजल्यावर ती दुसऱ्या भांड्यात काढावी. अंबाडी नसेल त्या दिवशी पानात वाढलेल्या भाजीवर लिंबू पिळावे. शिजवताना घातलेल्या लिंबातले क जीवनसत्त्व उष्णतेने बरेच कमी होते.

आणि चहा जेवणाला लागून नको. चहातले टॅनिन लोह शोषू देत नाही. जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचे अंतर ठेवणे हा एकही रुपया न लागणारा उपाय आहे.

जवस कुटूनच

जवसात ३५ टक्क्यांहून अधिक तेल असते आणि त्यातला निम्म्याहून मोठा भाग ओमेगा-३ प्रकारच्या मेदाचा असतो. हृदयासाठी उपयोगी असलेला हा मेद रोजच्या शाकाहारी जेवणात फारसा मिळत नाही. पण जवसाची साल गुळगुळीत आणि चिवट असते. अख्खे जवस चावले गेले नाही तर तसेच बाहेर पडते. मंद आचेवर भाजून, कुटून चटणी केली की त्याचा उपयोग होतो. ही चटणी महिन्याभराची करून ठेवू नये. कुटलेल्या जवसातले तेल हवेने लवकर खवट होते. आठवड्याला पुरेल एवढीच करावी आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. रोज दोन चमचे पुरे, मीठ बेताचे.

सोयाबीन घरचे, पण कच्चे नको

सोयाबीनमध्ये ३५ टक्क्यांहून अधिक प्रथिने असतात, तुरीच्या डाळीत सुमारे २२ टक्के. घरात पोती पडलेली असताना ते ताटात येत नाही, कारण त्याचा उग्र वास आणि खाल्ल्यावर होणारा पोटाचा त्रास. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारे घटक असतात. ते नीट शिजवल्यावरच निष्प्रभ होतात. त्यामुळे कच्चे सोयाबीन गव्हात टाकून दळून आणणे योग्य नाही.

सोयाबीन स्वच्छ धुऊन रात्रभर भिजवावे, पाणी ओतून द्यावे, नवीन उकळत्या पाण्यात वीस मिनिटे शिजवावे. मग कडक उन्हात पूर्ण वाळवून खमंग भाजावे. नऊ वाट्या गहू किंवा ज्वारीला एक वाटी असे सोयाबीन घालून दळावे. हे पीठ दोन आठवड्यांत संपवावे.

पेरणीसाठी आणलेल्या बियाण्याच्या पिशवीतले उरलेले दाणे मात्र कधीही खाऊ नयेत. त्यांना बुरशीनाशक लावलेले असते. धुतल्याने ते खाण्याजोगे होत नाहीत. हीच गोष्ट रानभाज्यांची. तरोटा, चिवळ, पाथरी या भाज्या उत्तम, पण फवारणी किंवा तणनाशक मारलेल्या शेतातून आणि त्याच्या बांधावरून त्या खुडू नयेत. फवारणीच्या विषबाधेने २०१७ मध्ये या जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. ते विष भाजीच्या पानावरही बसते.

मुलांच्या हातात काय द्यावे?

बिस्किट म्हणजे मैदा, साखर आणि पामतेल. त्याच्या जागी ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा देता येतो. ज्वारीला पाण्याचा हात लावून काही तास फडक्यात झाकून ठेवावी आणि तापलेल्या कढईत मूठ-मूठ घालून लाह्या फोडाव्यात. दोन चमचे तेलात कढीपत्ता, हळद आणि शेंगदाण्यांची फोडणी पुरते. हिवाळ्यात हिरव्या तुरीच्या उकडलेल्या शेंगा, हुरडा, बोरे, पेरू हा आयता खाऊ आहे. पेरूत संत्र्यापेक्षा कितीतरी अधिक क जीवनसत्त्व असते.

गोडासाठी लाडू. एक वाटी तीळ, अर्धी वाटी जवस, एक वाटी शेंगदाणे वेगवेगळे भाजावेत. पाऊण वाटी चिरलेला गूळ घालून तेल सुटेपर्यंत एकत्र कुटावे आणि लिंबाएवढे लाडू वळावेत. न सडलेल्या तिळात १०० ग्रॅमला हजार मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. त्यातले सगळे शोषले जात नाही, तरी हातभार मोठा असतो. मोहफुले मिळत असतील तर ती निवडून, धुऊन, वाळवून, हलकी भाजून गुळाऐवजी घालावीत. त्यांची गोडी पुरेशी असते. मात्र गूळ काय किंवा मोह काय, शेवटी साखरच. दिवसाला एक लाडू पुरे. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नयेत, श्वासनलिकेत अडकतात. कूट करून द्यावे.

इथे अन्न पुरत नाही

काही ठिकाणी डॉक्टरांचा सल्ला अटळ आहे. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यातला रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नसतो आणि आहाराने बरा होत नाही. वारंवार अंग दुखणे, डोळे पिवळे होणे, घरात कुणाला हा विकार असणे, यांपैकी काही असेल तर आधी तपासणी करावी आणि लोहाच्या गोळ्या विचारूनच घ्याव्यात. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतींमधून भरवशाने मिळत नाही. दूध, अंडी, मांस यांपैकी काहीच न खाणाऱ्यांनी ते तपासून घ्यावे. मूत्रपिंडाचा आजार किंवा मुतखडा असणाऱ्यांनी डाळी, तीळ आणि पालेभाज्यांचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. गरोदर महिलांनी सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या कुठल्याही लाडवाच्या भरवशावर बंद करू नयेत.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार २००० कॅलरींच्या शाकाहारी आहारात दिवसाला साधारण ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या आणि ३५ ग्रॅम तेलबिया व दाणे असावेत. हे एकदम जमणार नाही आणि जमवण्याची घाईही नको. या आठवड्यात रात्री वाटीभर मूग भिजत घालावेत आणि जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकलावा. पुढच्या आठवड्यात एका वेळची भाकर. त्यानंतर लाह्यांचा डबा बिस्किटांच्या जागी ठेवावा. शेतातून बाजारात जाणाऱ्या पोत्यांपैकी वर्षाचे एक पोते ज्वारीचे आणि पायलीभर जवस-तीळ घरासाठी आधी बाजूला काढावे. बाकीचे मग विकावे.