अपग्रेडनंतर ऑफिसचा डेटाबेस चालेना : आधी काय बघायचं, काय करायचं नाही

आजचा विषय छोट्या ऑफिसांचा आहे. पतसंस्था असो, शाळेचं कार्यालय असो, गृहनिर्माण संस्था असो, अशा बऱ्याच ठिकाणी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसचा एखादा डेटाबेस वर्षानुवर्षं चालू असतो. कोणीतरी कधीकाळी बनवून दिलेला, एका कॉम्प्युटरच्या शेअर फोल्डरमध्ये ठेवलेला. चार-पाच जण एकाच वेळी त्यात नोंदी करतात. मग एक दिवस ऑफिस अपग्रेड होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फॉर्मच उघडत नाही. काउंटरसमोर लोक उभे असतात.

अशा वेळी घाईत दोन गोष्टी केल्या जातात. कोणी लगेच ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ दाबतं. कोणी मागच्या आठवड्याचा बॅकअप काढून मूळ फाइलवर टाकतं. दुसऱ्या उपायात आठवडाभराच्या पावत्या, हप्ते, नोंदी सगळं पुसलं जातं. आणि बहुतेक वेळा मूळ फाइलला काहीही झालेलं नसतं! आजच्या व्याख्यानातून एकच गोष्ट लक्षात ठेवा : अपग्रेडमध्ये बदलतो तो डेटा वाचणारा प्रोग्रॅम. डेटा सहसा जागच्या जागी असतो. म्हणून बिघाड डेटात आहे की वाचणाऱ्यात, हे ठरेपर्यंत डेटाला हात लावायचा नाही.

याचं एक चांगलं उदाहरण २०१९ सालचं आहे. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी मायक्रोसॉफ्टने ऑफिसचे सुरक्षा अपडेट दिले. त्यानंतर ठिकठिकाणी ॲक्सेसमध्ये ३३४० क्रमांकाची एरर येऊ लागली : ‘क्वेरी करप्ट आहे’. करप्ट म्हटल्यावर माणूस घाबरणारच. पण टेबलं शाबूत होती, क्वेरीही शाबूत होती. चूक अपडेटमध्येच होती. एकाच टेबलवर अट लावून बदल करणारी क्वेरी, म्हणजे ‘ज्यांची बाकी शून्य आहे त्यांच्यापुढे भरली असं लिही’ अशा प्रकारची, तेवढीच अडत होती. तात्पुरता उपाय साधा होता. त्या टेबलवर आधी एक सिलेक्ट क्वेरी बनवायची आणि बदल टेबलऐवजी त्या क्वेरीवर चालवायचा. पुढे कंपनीने दुरुस्ती दिली. ज्यांनी घाबरून जुना बॅकअप टाकला असेल, त्यांच्या नोंदी गेल्या आणि एरर मात्र तशीच राहिली.

आता क्रमाने बघू.

पहिलं काम : सगळ्यांना डेटाबेस बंद करायला सांगा. फाइल उघडी असते तेव्हा तिच्याशेजारी त्याच नावाची, ‘एलएसीसीडीबी’ शेपटाची एक छोटी फाइल दिसते. जुन्या ‘एमडीबी’ फाइलसोबत ‘एलडीबी’ असते. ही कुलूप-फाइल. शेवटचा माणूस बाहेर पडला की ती आपोआप जाते. ती गेली की मगच मूळ फाइलची कॉपी घ्या. चालू फाइलची घेतलेली कॉपी अर्धवट निघू शकते. आणि पुढचे सगळे प्रयोग कॉपीवर करायचे.

दुसरं काम : कोणाकडे चालतंय आणि कोणाकडे नाही, ते कागदावर लिहा. एका मशीनवर चालतंय आणि दुसऱ्यावर नाही, तर डेटावर संशय घ्यायचं कारण जवळजवळ संपलंच. फाइल तीच आहे ना?

तिसरं काम : लक्षण ओळखा.

फाइल उघडते, पण बटणं दाबली तर काही होत नाही? वर पिवळी पट्टी दिसते का बघा. नव्या मशीनवर तो फोल्डर ‘ट्रस्टेड लोकेशन’मध्ये नसतो, म्हणून कोड बंद ठेवलेला असतो.

‘६४ बिटसाठी कोड बदला’ अशा अर्थाचा संदेश येतो? ऑफिस २०१९पासून नेहमीचं इन्स्टॉलेशन ६४ बिटचं होतं. जुन्या ३२ बिटच्या कोडमधल्या ‘डिक्लेअर’ ओळींना ‘पीटीआरसेफ’ हा शब्द जोडावा लागतो. काही जागी व्हेरिएबलचा प्रकारही बदलावा लागतो. कोड बदलणारा माणूस हाताशी नसेल तर त्या मशीनवर ३२ बिटचं ऑफिस टाकणं हा सरळ मार्ग.

तारीख काढण्यासारखं साधं फंक्शनही चालत नाही? कोडच्या खिडकीत ‘टूल्स’मध्ये ‘रेफरन्सेस’ उघडा. एखाद्या नावापुढे ‘मिसिंग’ लिहिलेलं सापडेल. हे बऱ्याचदा असं होतं : सगळे जण एकच फॉर्मची फाइल वापरतात, नव्या ऑफिसवाल्या मशीनने ती उघडून सेव्ह केली, तिच्यातला एक्सेलचा संदर्भ नव्या आवृत्तीचा झाला आणि जुनी मशीन अडकली. म्हणून टेबलांची फाइल शेअर फोल्डरमध्ये एकच ठेवायची, पण फॉर्म आणि रिपोर्टची फाइल प्रत्येक मशीनवर वेगळी.

एकाने उघडलं की बाकीच्यांना उघडत नाही? फोल्डरच्या परवानग्या बघा. कुलूप-फाइल तयार करण्याची आणि पुसण्याची परवानगी प्रत्येकाला हवी.

(श्रोत्यांमधून प्रश्न : आमच्याकडे नव्या कॉम्प्युटरवर सभासदांची मराठी नावं गेली. नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. डेटा खराब झाला का?)

नाही. तुमची नावं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असणार, शिवाजी किंवा कृतिदेव यांसारख्या. टेबलमध्ये पहिल्यापासून तीच चिन्हं साठवलेली आहेत. फॉन्ट त्यांना मराठी रूप देत होता. जुन्या मशीनवरचा फॉन्ट नव्या मशीनवर टाका, नावं दिसतील. नावं पुन्हा टाइप करायला मात्र बसू नका. युनिकोडमध्ये न्यायचं काम सवडीने, कॉपीवर करा.

आता शेवटचा आणि सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. आतापर्यंतच्या तक्रारी आरडाओरडा करणाऱ्या होत्या. त्यांनी काम थांबतं, नुकसान फारसं होत नाही. खरं नुकसान करते ती गप्प बसणारी चूक. विंडोज नव्याने टाकलं आणि प्रदेशाची सेटिंग अमेरिकेची राहिली, तर ०३/०४ असं टाइप केलेलं ३ एप्रिल न राहता ४ मार्च होतं. १५/०४ लिहिलं तर पंधरावा महिना नसल्याने ॲक्सेस ते १५ एप्रिलच धरतं. म्हणजे महिन्याच्या १२ तारखेपर्यंतच्या नोंदी चुकतात, पुढच्या बरोबर येतात. कोणाच्या लक्षात येणार? ठेवीची मुदत आणि व्याज मात्र चुकतं. तपासायचं कसं? अपग्रेडनंतरच्या नोंदी दुसऱ्या, जुन्या मशीनवर उघडा आणि पावत्यांशी ताडून बघा. चुकीच्या सेटिंगच्या मशीनवर ती तारीख बरोबरच दिसते, म्हणून तिथे बघून उपयोग नाही.

आणि ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’? ते वाईट नाही. पण आधी कॉपी, सगळे बाहेर, मग ते. अपग्रेडची एरर त्याने सहसा जात नाही.

पुढच्या वेळी सगळी मशीन एकदम अपग्रेड करू नका. एकच करा, आठवडाभर त्यावर रोजचं काम करा, मग बाकीची. निदान एक मशीन जुनं असलं तर काउंटर बंद पडत नाही आणि ताडून बघायलाही काहीतरी राहतं.