काळ्या समुद्रातले भोवरे: उपग्रहाला दिसतात कसे?

भोवरा म्हटलं की आपल्याला नदीच्या डोहातला, माणसाला खाली ओढणारा भोवरा आठवतो. आजचे भोवरे तसे नाहीत. काही किलोमीटरपासून शंभर-दीडशे किलोमीटरपर्यंत त्यांची रुंदी असते. त्यांच्यावरून जहाज गेलं, तरी नुसत्या डोळ्यांनी कप्तानाला काही कळणार नाही. म्हणून ते वरून बघायचे. १९८४ साली चॅलेंजर यानातून पॉल स्कली-पॉवर या समुद्रशास्त्रज्ञाने अशा सर्पिल आकृत्या स्वतः पाहिल्या आणि त्यांचे फोटो काढले.

आपण काळा समुद्र घेऊ. तो जवळजवळ सगळीकडून जमिनीने वेढलेला आहे. त्याच्या कडेकडेने एक मोठा प्रवाह घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. हा प्रवाह नागमोडी होतो, आणि तो व किनारा यांच्या मधल्या पट्ट्यात भोवरे तयार होतात. त्यांतले मोठे भोवरे बहुधा काट्यांच्या दिशेने फिरतात. आग्नेय कोपऱ्यातला बातुमीचा भोवरा त्यांतलाच.

आता, पाणी पाण्यात फिरतंय हे दिसणार कसं? चहात दूध घालून ढवळलं की फिरणं दिसतं ना, तसंच! काहीतरी खूण लागते. पहिली खूण रंगाची. उन्हाळ्याच्या सुरुवातीला इथे कोकोलिथोफोर नावाच्या सूक्ष्म वनस्पती वाढतात. त्यांच्या अंगावरच्या चुन्याच्या चकत्यांमुळे पाणी दुधाळ निळसर दिसतं. दुसरी खूण तापमानाची. पण या दोन्हींना ढग आडवे येतात.

तिसरी खूण रडारची. ढग असो वा रात्र, रडारचं काम चालू राहतं. सागरी जीवांपासून पाण्यावर तेलकट पातळ साय येते. तिच्याखाली बारीक लहरी दबतात, रडारकडे परतणारा संकेत कमी होतो, आणि चित्रात काळी रेघ उमटते. भोवरा या रेघा गुंडाळतो. मात्र वारा बेताचाच हवा. अगदी पडला तर सगळंच काळं दिसतं, जोराचा असेल तर साय फाटून जाते.

इथेच खरी अडचण आहे. सांडलेलं खनिज तेलसुद्धा रडारला काळंच दिसतं! डिसेंबर २०२४ मध्ये केर्चच्या सामुद्रधुनीजवळ वादळात दोन तेलवाहू जहाजांना अपघात झाला आणि जड इंधन तेल समुद्रात गेलं. अशा वेळी डाग कशाचा, हे चुकलं तर साफसफाईची माणसं भलत्याच ठिकाणी जातात. म्हणून डागाचा आकार, जहाजांचे मार्ग, वारा आणि इतर उपग्रहांची चित्रं एकत्र ताडून बघतात.

आणखी एक. एक चित्र म्हणजे फक्त एक क्षण. वेग काढायचा तर काही तासांच्या अंतराने घेतलेली दोन चित्रं हवीत. तोच ठिपका किती सरकला, ते मोजायचं. कारण भोवरा तेलाला समुद्रातच फिरवत ठेवेल की किनाऱ्यावर आणून टाकेल, हे किनाऱ्यावरच्या माणसांना आधी कळायला हवं.