निसटलेलं पेट्रोल
तोरणमाळच्या घाटातून टू-स्ट्रोक इंजिनाकडे पाहताना

शहाद्याहून म्हसावद आणि राणीपूर मागे पडलं की रस्ता सातपुड्यात शिरतो. तापीकाठचं मैदान आणि तोरणमाळचं पठार यांच्या उंचीत साधारण हजार मीटरचा फरक आहे. गोरखनाथाच्या महाशिवरात्रीच्या यात्रेला हजारो माणसं हा चढ चढतात. राजदूत, चेतक, एम-८० या दुचाकींच्या काळात या चढाला टू-स्ट्रोक इंजिनाचे गुण आणि दोष दोन्ही उघडे पडत.

गुण असा, की हे इंजिन क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा जोर लावतं, तर फोर-स्ट्रोक दर दोन फेऱ्यांना एकदा. त्याला वॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. पिस्टनच वर-खाली होताना सिलिंडरच्या भिंतीतली भोकं, म्हणजे पोर्ट, उघडतो आणि झाकतो. वजन कमी, सुटे भाग कमी आणि एक पाना-स्क्रूड्रायव्हर जवळ असला की घाटातच दुरुस्ती होऊ शकते.

दोष कळायला आधी कार्ब्युरेटरकडे पाहू. तोरणमाळच्या उंचीवर हवा खालच्या मैदानापेक्षा सुमारे नऊ टक्के विरळ असते. कार्ब्युरेटरच्या जेटला, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाला, हे कळत नाही. हवा विरळ झाली, तरी पेट्रोल त्या प्रमाणात कमी होत नाही. हिशेब मांडला, तर वर पोचेपर्यंत मिश्रणात हवेच्या मानाने पाचेक टक्के पेट्रोल जास्त झालेलं असतं. मग गाडी दम टाकते, प्लग काळा पडतो आणि गाडी ‘ओव्हर’ होते. प्लग काढून पुसायचा, चोक बंद आहे ना ते बघायचं आणि पुन्हा किक मारायची. यावर जुना तोडगा होता बारीक जेट बसवण्याचा; पण तो खाली उतरताना पुन्हा बदलावा लागे, नाहीतर मैदानात पेट्रोल कमी पडून इंजिन तापण्याची भीती.

मात्र उंचीमुळे होणारं नुकसान किरकोळ आहे. खरं नुकसान मैदानातही तेवढंच होतं.

दार उघडं असताना

स्कॉटलंडच्या डुगल्ड क्लर्कने १८८० च्या सुमारास टू-स्ट्रोकचं तत्त्व प्रत्यक्षात आणलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत जोसेफ डे या इंग्लिश इंजिनिअरने क्रँककेसचाच पंप करून ते सुटसुटीत केलं. आपल्या स्कूटर, रिक्षा आणि फवारणी पंपांची इंजिनं याच वंशातली. पिस्टन खाली येताना क्रँककेसमधलं ताजं मिश्रण दाबलं जातं, ट्रान्सफर पोर्टमधून सिलिंडरमध्ये घुसतं आणि जळका धूर बाहेर ढकलतं. पण त्या क्षणी एक्झॉस्ट पोर्टही उघडाच असतो. धुराला हाकलता हाकलता ताज्या मिश्रणातलं काही पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. हे प्रमाण पाव हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जातं. म्हणजे तीन-चार लिटरमागे एक लिटर नुसतं हवेत! त्यात वंगणासाठी मिसळलेलं तेलही असतं. निळसर धूर आणि तो ओळखीचा वास त्यातूनच येतो.

जर्मनीत आडोल्फ श्न्यूर्लेने १९२० च्या दशकात ट्रान्सफर पोर्टना असा तिरपा कोन दिला की मिश्रण आधी वर वळावं आणि मगच धुराच्या मागे लागावं. गळती कमी झाली, पण संपली नाही. कारण हवा आणि पेट्रोल एकत्रच आत येत होते.

आकुर्डीची रिक्षा

यावरचा उपाय ऐकायला सरळ वाटतो. सिलिंडर धुवायचा तो नुसत्या हवेने, आणि एक्झॉस्ट पोर्ट झाकल्यावर मगच पेट्रोल सोडायचं. अडचण वेळेची आहे. मिनिटाला ५५०० फेरे घेणाऱ्या इंजिनाचा एक फेरा ११ सहस्रांश सेकंदांत संपतो. पोर्ट झाकल्यापासून ठिणगी पडेपर्यंत जेमतेम दोन-अडीच सहस्रांश सेकंद उरतात. तेवढ्यात पेट्रोलचं बाष्प व्हायला हवं, नाहीतर थेंब भिंतीला चिकटून अर्धवट जळतात.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या ऑर्बिटल कंपनीने यासाठी दाबलेल्या हवेची मदत घेतली. मोजलेलं पेट्रोल आधी एका छोट्या कप्प्यात येतं आणि वातावरणाच्या काही पट दाबाची हवा ते सिलिंडरमध्ये फवारते. थेंब इतके बारीक होतात की केसाच्या जाडीत असे अनेक मावावेत. गाडी मंद चालत असतानाही प्लगभोवतीच जळण्याजोगं मिश्रण जमतं, म्हणून टू-स्ट्रोकची ती नेहमीची ‘एक ठोका पेटला, एक चुकला’ अशी धडपड थांबते.

हेच तंत्र वापरून आकुर्डीच्या बजाज ऑटोने २००७ मध्ये थेट इंधन फवारणीची टू-स्ट्रोक रिक्षा बाजारात आणली. त्याच सुमारास फिलिपिन्समध्ये तीनचाकींच्या जुन्या इंजिनांवर अशीच किट बसवली गेली. तिथे न जळलेल्या हायड्रोकार्बनमध्ये मोठी घट झाली आणि इंधन सुमारे एक तृतीयांश वाचलं. दिवसभर रिक्षा चालवणाऱ्यासाठी ती बचत थेट घरखर्चाची असते.

तरीही उशीर झाला होता. दुचाकींच्या प्रदूषण निकषांनुसार २००० साली कार्बन मोनॉक्साइड किलोमीटरला दोन ग्रॅमपर्यंत चालत होता. २००५ मध्ये ती मर्यादा दीड ग्रॅम झाली, २०१० मध्ये एक. दुचाकी केव्हाच फोर-स्ट्रोककडे वळल्या, शहरांतल्या रिक्षा सीएनजी-एलपीजीकडे. काँप्रेसर, संगणक आणि सेन्सर यांचा खर्च फोर-स्ट्रोकच्या वॉल्व्हांपेक्षा जास्त ठरला. त्याच २००७ मध्ये बजाजने ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये भागभांडवल घेतलं. पुढे २०१७ मध्ये केटीएमने ट्रान्सफर पोर्टमध्ये इंधन फवारणाऱ्या टू-स्ट्रोक एन्ड्युरो मोटरसायकली आणल्या. हवेचा दाब बदलला की इंधन आपोआप बदलत असल्याने डोंगरावर जेट बदलण्याची गरजच उरली नाही.

पाठीवरचं इंजिन

रस्त्यावरून टू-स्ट्रोक गेला, पण शहादा-नंदुरबार पट्ट्यातल्या पपई, मिरची आणि कापसाच्या शेतांतून नाही. पाठीवरच्या पेट्रोलच्या फवारणी पंपात तेच इंजिन आहे, तेही फवारणाऱ्याच्या पाठीला लागूनच. वाहनांचे बीएस (भारत स्टेज) निकष या पंपाला लागू होत नाहीत. ज्या गळतीमुळे आपण स्कूटर मोडीत काढली, तीच गळती इथे मजुराच्या श्वासात जाते, आणि वर कीटकनाशक आहेच.

रिक्षेचं इंधन फवारणीचं तंत्र इतक्या लहान यंत्राला परवडणार नाही. पण उपाय आहे. चेन सॉ आणि ब्रश कटर बनवणाऱ्या कंपन्यांनी ट्रान्सफर पोर्टमध्ये आधी शुद्ध हवेचा थर भरला आणि त्यामागून मिश्रण सोडलं. निसटायचंच असेल, तर आधी ती हवा निसटते. त्यासाठी ना काँप्रेसर लागतो, ना संगणक. अनुदानावर पंप वाटताना किंमत बघतात, तसं हे इंजिन कोणत्या जातीचं आहे हेही बघितलं पाहिजे.

तोवर हातातल्या गोष्टी तरी कराव्यात. लिटरला तेल किती, ते उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणेच घालावं. २५ ला १ प्रमाण असेल तर ४० मिली, अंदाजाने बूचभर नव्हे. तेल कमी धुराचं टू-टी असावं, ट्रॅक्टरमधून काढलेलं जुनं नव्हे. एअर फिल्टर वेळच्या वेळी धुवावा, आणि सायलेन्सर व एक्झॉस्ट पोर्टमधला कार्बन हंगामाआधी खरवडून घ्यावा.

टू-स्ट्रोकचा दोष त्याच्या ज्वलनात कमी आणि पेट्रोल आत सोडण्याच्या वेळेत जास्त होता. ती वेळ साधायचं तंत्र बजाजच्या कारखान्यातून एकदा बाहेर पडलेलं आहे. आता परवडेल असा उपाय सगळ्यात स्वस्त इंजिनापर्यंत आणि ते पाठीवर घेऊन दिवसभर राबणाऱ्या माणसापर्यंत पोचवणं हे आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांचं आणि कृषी विद्यापीठांचं काम आहे, आणि ते लवकर व्हायला हवं.