हस्तशल्यचिकित्सा

हात, मनगट व अग्रबाहू यांच्या इजा दुरुस्त करून पकड, हालचाल आणि संवेदना शक्य तितक्या परत मिळवून देणारी शल्यचिकित्सेची शाखा. पालघर जिल्ह्यातील मुरबे, सातपाटी ही मच्छीमारांची गावे व जवळची बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहत येथे उपजीविका हातावरच चालते. दोराच्या वेढ्यात बोट सापडले किंवा यंत्राखाली पंजा चिरडला, तर कुटुंबाचे उत्पन्नच थांबते.

प्रथम जखम धुऊन मृत ऊतक काढतात व अस्थी तारांनी किंवा पट्ट्यांनी स्थिर करतात. नंतर कंडरा, रक्तवाहिन्या व तंत्रिका सांधतात. मुंबईचे शल्यचिकित्सक बी. बी. जोशी यांनी त्वचेबाहेर दांड्यांना जोडलेल्या बारीक तारांची स्थिरीकरण पद्धती विकसित केली. ती ‘जेस’ या नावाने ओळखली जाते.

बोटे मिटविणाऱ्या कंडरा अरुंद आवरणातून सरकतात. तेथे टाके घातल्यास त्या आवरणाला चिकटतात, म्हणून पूर्वी या भागात तत्काळ दुरुस्ती टाळीत. १९६० नंतरच्या दशकात हॅरल्ड क्लाइनर्ट यांनी तत्काळ दुरुस्ती व लगेच नियंत्रित हालचाल यांचा लाभ दाखविला. त्यामुळे व्यायामाची हयगय झाल्यास उत्तम शस्त्रक्रियाही वाया जाते. तंत्रिकेची वाढ दिवसाला सुमारे १ मिमी. असल्याने मनगटाशी तुटलेली संवेदना बोटांच्या टोकापर्यंत परतण्यास कित्येक महिने लागतात. तोवर चटका बसला तरी कळत नाही.

तुटलेला भाग पुन्हा जोडण्याचे पहिले मोठे यश रोनाल्ड मॉल्ट यांना बॉस्टन येथे १९६२ मध्ये, एका मुलाच्या दंडाच्या बाबतीत लाभले. १९६५ मध्ये जपानात कोमात्सू व तामाई यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने अंगठा जोडला. स्नायू असलेला भाग थंड न ठेवल्यास सुमारे ६ तासांत निरुपयोगी होतो. थंड ठेवलेले बोट मात्र २४ तासांपर्यंतही टिकू शकते. मुरब्याहून मुंबई सुमारे १०० किमी. असल्याने हा फरक निर्णायक ठरतो. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत घालून ती पिशवी बर्फावर ठेवावी. भाग प्रत्यक्ष बर्फात ठेवल्यास ऊतक गोठून नष्ट होते.

प्रत्येक बोट जोडणे हितावह नसते. अंगठ्यासाठी प्रयत्न बहुधा केलाच जातो. चिरडलेली एकटी तर्जनी जोडून ताठर राहिल्यास ती कामात अडथळाच ठरते. मृत दात्याच्या हातांचे प्रतिरोपण भारतात प्रथम २०१५ मध्ये कोची येथे झाले, मुंबईत २०२० मध्ये. त्यानंतर प्रतिरक्षा दडपणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात.