पांढरे ठिपके गेले कुठे?

मुलांनो, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात भंडारदरा आहे, मुळा धरण आहे, गोदावरीसुद्धा आहे. समुद्र मात्र नाही. नगरहून मुंबईचा किनारा गाठायचा तर रस्त्याने सुमारे अडीचशे किलोमीटर जावं लागतं. पण समुद्रातला मासा नगरच्या घरात राहू शकतो बरं का! केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाऊनफिश तुम्ही चित्रात तरी पाहिलाच असेल.

त्याच्यासाठी समुद्राचं पाणी घरीच तयार करतात. एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार मिसळायचे. स्वयंपाकघरातलं मीठ इथे चालत नाही, कारण माशाला मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं बरंच काही लागतं. त्यासाठी समुद्री क्षारांचं तयार मिश्रण मिळतं. पाणीही आरओचं लागतं. बोअरचं पाणी जड असतं आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, तो माशाचे कल्ले भाजून काढतो. उन्हाळ्यात तर आणखी एक गंमत होते. टाकीतल्या पाण्याची वाफ होते, पण मीठ काही उडून जात नाही. मग उरलेलं पाणी जास्तच खारट होतं. अशा वेळी वरून कोणतं पाणी ओतायचं? खारं नव्हे, गोडं!

एवढं सगळं सांभाळलं आणि एके दिवशी माशाच्या अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे ठिपके दिसले, तर? मासा दगडाला अंग घासतो, भराभर श्वास घेतो, खाणं सोडतो. चार-सहा दिवसांत ठिपके नाहीसे होतात आणि घरातले सगळे खूश होतात, ‘झाला बरा!’

नाही, झालेला नसतो. खरी गोष्ट इथेच सुरू होते.

तो प्रत्येक ठिपका म्हणजे माशाच्या कातडीत शिरून बसलेला एक परजीवी असतो. त्याचं नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं ते १९५१ साली, आणि त्याच वर्षी लंडनमध्ये ब्राऊन या शास्त्रज्ञाने या जिवाचं हे नामकरण केलं. त्याचं अख्खं शरीर एका पेशीचं! माशाच्या अंगावर काही दिवस खाऊनपिऊन तो फुगतो आणि बहुधा रात्री गळून पडतो. मग वाळूला किंवा दगडाला चिकटून स्वतःभोवती कवच बांधतो. आत तो एकाचे दोन, दोनाचे चार असा वाढत जातो, आणि एका कवचातून शेकडो पिल्लं निघू शकतात. तीही बहुतेक पहाटेपूर्वीच्या अंधारात, मासे तळाशी निवांत असताना. ठिपके गेले ते असे. ते माशावर नाहीत, पण टाकीत आहेत.

त्या पिल्लांना दीड-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. अथांग समुद्रात बहुतेकांना मासा सापडतच नाही, म्हणून तिथे हा रोग सहसा हाताबाहेर जात नाही. काचेच्या टाकीत मासा वीतभर अंतरावर असतो. समुद्राचा खारटपणा आपण घरी आणला, त्याचा मोठेपणा कुठून आणणार?

यावरच्या औषधात तांबं असतं. पण ते मोजूनमापून, आजारी माशाच्या वेगळ्या टाकीतच द्यायचं. मुख्य टाकीत ओतलं तर कोळंबी, प्रवाळ, समुद्रफूल सगळे मरतात. दुसरा उपाय पाणी कमी खारट करण्याचा. हळूहळू लिटरमागे १५ ग्रॅमपर्यंत क्षार उतरवायचे आणि काही आठवडे तिथेच ठेवायचे. समुद्री माशाच्या रक्तात समुद्राच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकेच क्षार असतात, म्हणून तो हे सोसतो. परजीवीच्या अंगात मात्र पाणी शिरत जातं आणि तो बहुधा फुटतो.

मला सगळ्यात आवडतो तो बिनऔषधाचा उपाय. माशाला दर तीन दिवसांनी स्वच्छ, कोरड्या केलेल्या टाकीत नव्या पाण्यात हलवायचं, असं चार वेळा. गळून पडलेले परजीवी जुन्या टाकीत राहतात आणि त्यांची पिल्लं बाहेर पडण्याआधीच मासा पुढे निघून गेलेला असतो! कुणीतरी या जिवाचे दिवस नीट मोजले, म्हणून ही युक्ती सुचली. इकडे मुख्य टाकी निदान सहा आठवडे, जमल्यास त्याहून जास्त, एकही मासा न ठेवता चालू ठेवायची. भुकेले परजीवी आपोआप संपतात.

सगळेच रोग इतका वेळ देत नाहीत. ‘मखमल’ नावाच्या रोगात अंगावर सोनेरी भुकटीसारखा थर दिसतो आणि मासा काही दिवसांतच दगावू शकतो. म्हणून रोग येऊच न देणं उत्तम. पिशवीतून लांबचा प्रवास करून आलेला मासा थकलेला असतो, त्याची रोगाशी झुंजण्याची ताकद उतरलेली असते. टाकीतलं पाणी तापलं तर त्यात प्राणवायू कमी राहतो. वीज गेली की पंप थांबतो, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात हवाच.

आता तुमच्यासाठी एक काम. कुणी समुद्री मासा विकत घेणार असेल तर दुकानदाराला विचारायला सांगा, की हा मासा समुद्रातून पकडलेला आहे की हौदात जन्मलेला? केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशची हौदात पैदास करण्याचं तंत्र आपल्या देशात विकसित केलं आहे, तेव्हा हौदात जन्मलेलाच मागा. आणि नवा मासा कितीही टवटवीत दिसला तरी त्याला आधी महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवा, मगच इतरांत सोडा.