पद्मिनीचा कार्बोरेटर

संपादकांना प्रीमियर पद्मिनीवर लेख हवा होता. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली, पुढे तिचीच पद्मिनी झाली आणि शतक सरता सरता उत्पादन थांबलं. टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपल्यावर शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून हटली. हे सगळं ठाऊक होतं. मी रेंगाळले ती कुर्ल्यातल्या एका गॅरेजात, बॉनेटखालच्या ओंजळभर धातूपाशी.

१०८९ सीसीच्या त्या इंजिनाला संगणक नाही. पिस्टन खाली जाताना हवा ओढतो, ती कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून वेगानं जाते, तिथला दाब पडतो आणि जेटमधून पेट्रोल आपोआप वर खेचलं जातं. एक ग्रॅम पेट्रोल पुरतं जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते. हा सगळा हिशेब जेटच्या पितळी भोकावर. जेटवर १२० कोरलं असेल, तर भोक १.२० मिलिमीटरचं. म्हणूनच जेटमधला कचरा काढायला कुणी पिन उचलली की इथले मिस्त्री तिथल्या तिथे थांबवतात. ‘‘ताई, हवेनंच साफ करायचं. पिन घातली की भोक मोठं झालं, मग गाडी पेट्रोल प्यायला लागते.’’

त्या दिवशी एका पद्मिनीचा झिजलेला सोलेक्स कार्बोरेटर काढून दोन गळ्यांचा जपानी बसवायचा होता. बसवणं सोपं: मध्ये ॲडॉप्टर प्लेट, नवं पॅकिंग, ॲक्सिलरेटरची आणि चोकची जोडणी. खरी परीक्षा त्यानंतर. प्लेट केसभर वाकडी असली तरी खालून चोरून हवा शिरते आणि मग कितीही स्क्रू फिरवा, आयडलिंग ठरत नाही. मिस्त्री चालू इंजिनाच्या पॅकिंगभोवती क्लीनरचा बारीक फवारा मारतात. रेस बदलली की चोर सापडला.

पण त्याही आधी टॅपेट, ठिणगीचे सीबी पॉइंट आणि टायमिंग. हे क्रमानं तपासल्याशिवाय ते कार्बोरेटरला हात लावत नाहीत, आणि मला त्यांची हीच शिस्त सर्वांत मोलाची वाटली. पुष्कळदा दोष ठिणगीचा असतो आणि शिव्या कार्बोरेटर खातो. मग इंजिन गरम करून, चोक पूर्ण उघडून मिक्श्चर स्क्रू हळूहळू आत. इंजिन अडखळलं की पुन्हा बाहेर, रेस सर्वांत चढी आणि एकसारखी होईपर्यंत. मग थ्रॉटलच्या स्क्रूनं रेस उतरवायची आणि पुन्हा पहिल्यापासून. मिस्त्रींची नजर या वेळी इंजिनावर नसतेच. मान वळवून ते फक्त ऐकतात. चक्कर मारून आल्यावर प्लग काढून पाहिला: तपकिरी. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे हवा जास्त.

अलीकडे पांढरे प्लग वाढलेत. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं, ॲक्सिलरेटर दाबताच गाडी गुदमरते, व्हॉल्व्ह तापतात. नव्या गाडीचा सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. इथे वरच्या नंबरचा जेट शोधावा लागतो. जुन्या रबराचे पाइप आणि पेट्रोल पंपाचा पडदा फुगतो, चिरतो. शिवाय इथेनॉल दमट हवेतलं पाणी शोषतं. पावसाळाभर झाकून ठेवलेल्या गाडीच्या फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या भांड्यात, पांढरी भुकटी साचते आणि धातूला खड्डे पडतात. असं भांडं दुरुस्त होत नाही. जेट बदलायचा म्हटलं तरी बाजारातल्या नव्या जेटवरचा नंबर आणि त्याचं खरं भोक यांचा मेळ बसेलच असं नाही, म्हणून मिस्त्री जुने, मूळ जेट डबीत जपून ठेवतात.

तुमच्याकडे पद्मिनी असेल तर पाइप आणि पडदा इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचा बसवून घ्या, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर फ्लोट चेंबर रिकामं करून ठेवा. माळ्यावर जुना सोलेक्स पडला असेल, तर तो भंगारात देऊ नका. एखाद्या मिस्त्रीला त्यातला जेट हवा असेल.