मोतेगी ब्रेकांना उसंत देत नाही

मोटोजीपीच्या शर्यती पाहणाऱ्या रसिकाचे चित्त बहुधा वेगाच्या आकड्यावर खिळलेले असते. परंतु एखादे सर्किट ब्रेकांच्या दृष्टीने सौम्य की उग्र, याचा निवाडा त्या आकड्यावरून करू गेल्यास तो हमखास चुकतो. इटलीतील मुजेल्लोच्या सरळ पट्ट्यावर गाड्या ताशी 350 किलोमीटरांच्याही पुढे जातात, आणि तरीही ब्रेकांची खरी सत्त्वपरीक्षा पाहणारे ठिकाण म्हणून जाणकार नाव घेतात ते जपानमधील मोतेगीचे.

गाडी, स्वार व इंधन मिळून अडीचशे किलो वजन धरले आणि त्याचा वेग ताशी 300 किलोमीटरांवरून 100 वर आणला, तर गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे तिचा नववा हिस्साच शिल्लक राहतो. बाकीचे आठ हिस्से, म्हणजे सव्वादोन लिटर पाणी उकळीस आणण्याइतकी ऊर्जा, चार-पाच सेकंदांत खर्ची पडते, आणि हवेचा व इंजिनाचा अवरोध वजा जाता तिचा मोठा बोजा पुढच्या चाकाच्या दोन कार्बनी तबकड्यांवर येतो. ही उष्णता वाऱ्याच्या स्वाधीन करण्यास अवधी लागतो. आणि आखूड पट्टा, तीव्र वळण, पुन्हा पट्टा, पुन्हा वळण अशी आखणी असलेले मोतेगी तो अवधीच देत नाही. त्यातही तेथील अकराव्या वळणाआधी उतार आहे. ब्रेक दाबताच भार पुढे सरकून मागचे चाक उचलू लागते व ब्रेकांच्या जोराला तेथेच मर्यादा पडते. उतारावर गुरुत्वाकर्षण फितूर होऊन ही मर्यादा अधिकच खाली आणते. मोतेगीत 320 ऐवजी 340 मिलिमीटर व्यासाच्या तबकड्या नियमानेच सक्तीच्या झाल्या, त्या उगाच नव्हेत.

याच्या नेमके उलट ऑस्ट्रेलियातील फिलिप आयलंड. समुद्रकाठच्या त्या सर्किटावर वळणे रुंद, वेगवान व एकात एक गुंफलेली, त्यामुळे तेथे तक्रार असते ती ब्रेक तापण्याची नव्हे, निवण्याची! कार्बनची तबकडी दोन-अडीचशे अंश सेल्सिअसच्या खाली गेली की धड पकडत नाही. सबब गार वाऱ्यात तिच्यावर आवरण चढवण्याची तजवीज करावी लागते.

मोतेगीच्याच जातकुळीचे सर्किट म्हणजे ऑस्ट्रियातील रेड बुल रिंग. 23 ऑगस्ट 2020 रोजी तेथे पहिल्या वळणाशी माव्हेरिक विन्यालेसच्या यामाहाचे ब्रेक निकामी झाले, तेव्हा ताशी 200 किलोमीटरांहून अधिक वेगात असलेल्या गाडीवरून त्याने स्वतःला रस्त्यावर झोकून दिले. तो बचावला, गाडी कुंपणावर आदळून पेटली आणि लाल निशाण दाखवून शर्यत तहकूब करावी लागली.